चार बेचाळीसची किणकिण

७ ऑक्टोबर, रविवार

भूकंप दु. ४.४२, तीव्रता दोन. दिवसभर प्रयोगशाळेत भूकंप मोजायचे आणि घरी येऊन वहीत पुन्हा भूकंपच लिहायचे. इथे जपानात, त्सुकुबाला आले त्याला वर्ष झालं, त्या मोठ्या भूकंपाला दीड. सवय सुटत नाही.

आज फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग. वाद्यं आणि माझा कोरस गेल्या रविवारीच उरकले. त्यामुळे आम्ही बँडमधले बाकीचे मास्टरच्या (कॅफेमालकाला इथे मास्टरच म्हणतात) कॅफेमागच्या कोठीत भिंतीला टेकून बसलो, श्वाससुद्धा जपून घेत. कझुको-सान मधोमध उभ्या. एप्रन काढायला विसरल्या होत्या. गाणं त्यांनीच लिहिलंय, 'झाकलेलं ताट'. कोणीतरी घरी यायचं आहे, जेवण झाकून ठेवलंय, एवढंच गाणं. शेवटच्या कडव्यात त्या 'गार झालं तरी चालेल' म्हणाल्या आणि जमीन हलली. लोखंडी शेल्फवरचे कप किणकिणायला लागले. कझुको-सान थांबल्या नाहीत. उलट ते 'चालेल' इतकं लांबवलं की कप गप्प झाल्यावरच सोडलं.

मास्टर म्हणाले, "गेलं फुकट. पुन्हा घेऊ."

"आज नको. आजचं झालं." मग कझुको-सानने डब्यातून मुळ्याचं लोणचं काढून सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखं.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई. नवरा त्सुनामीच्या लाटेत गेला तो सापडला नाही. आणि असं गाते. मी दोन ओळींची कोरसवाली, पण आज वाटलं की आपण

(आईचा फोन आला. राहिलं.)

१४ ऑक्टोबर, रविवार

होम सेंटरमधून एल-पट्ट्या, स्क्रू आणि जाळीदार रबर आणलं. कोठीतलं शेल्फ भिंतीला ठोकलं, कपांखाली रबर अंथरलं. गेल्या रविवारी एक कप जरी पडला असता तर कझुको-सानच्या डोक्यात. तोही भूकंपावर पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांदेखत!

मास्टर म्हणाले, "स्वाती-सान, डॉक्टर व्हायच्या आधीच टाके घालायला लागलात?"

दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हूं की चूं नाही. समाधान वाटलं.

कझुको-सान आल्या नाहीत. घसा धरलाय म्हणे.

२१ ऑक्टोबर, रविवार

गावचा पाचचा भोंगा वाजला, सराव सुरू व्हायची वेळ. त्यावरूनच बँडचं नाव 'गोजी', पाच वाजले. मास्टर बास गळ्यात अडकवून उभे राहिले आणि एका वाक्यात म्हणाले, "कझुको-सान घशामुळे थांबल्या आहेत. या रिना-सान."

रिना-सान चष्म्याच्या दुकानात काम करते. माझ्याच वयाची. चार वेळा वाकली. आवाज चांगला आहे, खरंच चांगला आहे. पण सोल संगीत गाताना तिचे खांदे हलतात, पोट नाही.

कोणीही काही विचारलं नाही. ऑर्गनवाले आपल्या चपला सरळ करत बसले. कझुको-सानचा निळा कप मात्र अजून त्याच हुकावर लटकतोय. घसा धरलेला माणूस परत येतो. मग 'थांबल्या' का म्हणायचं?

त्यांना मेसेज केला.

२४ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर आलं. "काळजीबद्दल आभार. थंडी वाढते आहे, जपा." घशाबद्दल अक्षर नाही.

४ नोव्हेंबर, रविवार. नागोया

परिषद. पोस्टरसमोर उभं राहून पाय गेले. दोन जणांनी प्रश्न विचारले, त्यातल्या एकाला स्वच्छतागृह कुठे ते हवं होतं.

तिकडे आज रिना-सानचं रेकॉर्डिंग. मास्टरला म्हटलं होतं, पुढच्या रविवारी ठेवा, मी असेन. "तुमचा कोरस झालाय ना. कशाला त्रास." इतकी काळजी आधी कधी केली नव्हती.

२ डिसेंबर, रविवार

सीडी हातात आली! कव्हरवर रिना-सान, हातात झाकलेलं ताट, ओठांवर हसू. मागे बारीक अक्षरांत आमची नावं. माझं नाव परदेशी म्हणून वेगळ्या लिपीत. 'शब्द: गोजी.' म्हणजे सगळ्यांचे. कझुको-सान कुठेच नाहीत.

ऐकली. गाणं जरा वरच्या पट्टीत वाटतं, जरा जलद. आवाज तरुण, गोड. पण माझाच कोरस मला शाळकरी मुलीचा वाटला. तसं म्हटलं तर मास्टर हसले, "रेकॉर्डवर सगळ्यांनाच आपला आवाज परका वाटतो."

असेल.

१२ डिसेंबर, बुधवार

सुपरमार्केटात तयार भाज्या-भज्यांच्या विभागासमोर उभी होते. सातची वेळ, सवलतीचे पिवळे स्टिकर लागायची. बायका, म्हातारे, ऑफिसवाले, सगळे त्या स्टिकरवाल्या माणसाच्या मागे मागे. आणि वरच्या स्पीकरवरून आमचं गाणं! 'ताट झाकून ठेवलंय, उशीर झाला तरी चालेल.' शेजारची बाई बटाट्याचं क्रोकेट उचलता उचलता गुणगुणत होती.

ओरडून सांगावंसं वाटलं की ही 'झाकून ठेवलंय' म्हणणारी मी आहे. दोन पालकाच्या जुड्या घेऊन घरी आले.

१६ डिसेंबर, रविवार

त्या सुपरमार्केटने आपल्या सगळ्या दुकानांत लावलंय. टोकियोतसुद्धा. एफएमवर आठवडाभर सगळ्यात जास्त फर्माइशी याच गाण्याला. निवेदक म्हणाला, "आणि शेवटी ती घुंगरांसारखी किणकिण! काय डोकं लावलंय!" मास्टर रेडिओकडे बघून हसले नाहीत. पटकन आवाज कमी केला.

प्राजक्ताताईचा फोन. (इथल्या बाजूच्या इमारतीतली, पुण्याची. नवरा संशोधन संस्थेत, ती आता स्वतः लायब्ररीत नोकरीला.) "अगं बाई, क्रोकेट घेताना तुझा आवाज! मी ह्यांना म्हटलं, आपली स्वाती जपान्यांचं कोलेस्टेरॉल वाढवतेय."

१९ डिसेंबर, बुधवार

टोकियोला जाताना जलद गाडीत हेडफोन लावून पहिल्यांदा नीट ऐकलं. एरवी कायम वरून कुठूनतरी ऐकू येतं.

घुंगरू नाहीत. आमच्या बँडमध्ये घुंगरू आहेत कुठे? 'चालेल' लांबतं, त्याच्याखाली किणकिण सुरू होते, मग एक खट्, मग पुन्हा बारीक, मग शांत. कप आहेत ते. शेल्फ आहे.

परत येताना चार वेळा ऐकलं. घरी येताच वही काढली. ७ ऑक्टो., ४.४२, दोन.

आवाजाचा ट्रॅक त्या दिवशी एकीनेच दिला होता.

२० डिसेंबर, गुरुवार

थांब. घाईने निष्कर्ष नको, प्रयोगशाळेत रोज हेच शिकते. आज नोंदी काढल्या. ४ नोव्हें., दुपारी ३.१०, त्सुकुबात तीव्रता दोन. म्हणजे रिना-सान गात असतानाही जमीन हलली असणार. मी नागोयात होते, मला कळणार कसं? इथे आठवड्यातून दोनदा हलते, त्यात विशेष ते काय.

लाज वाटली. रात्रभर मनातल्या मनात एका भल्या माणसाला चोर ठरवत होते. परदेशी मुलीला बँडमध्ये घेतलं, पहिल्या दिवशी कॉफीचे पैसे घेतले नाहीत. आणि मी.

२३ डिसेंबर, रविवार

स्टेशनसमोरच्या चौकात नाताळचा कार्यक्रम. गर्दी. रिना-सानच्या आवाजात ते 'चालेल' मध्येच तुटलं. मास्टर माइकवर म्हणाले, "थंडी आहे हो!" लोक हसले. मीही हसले. लोकरीच्या हातमोज्यांत टाळ्या वाजत नाहीत, नुसता धपधप आवाज येतो.

रिना-सानने कार्यक्रमानंतर माझ्याकडे पाहिलं नाही. की मला तसं वाटलं.

३० डिसेंबर, रविवार

इचलकरंजीला फोन. आप्पांना गाणं फोनवर ऐकवलं. कळलं काही नाही, पण म्हणाले, "ग्वाड हाय. नाव घातलंय न्हवं तुझं?"

"घातलंय."

"मग झालं. आमच्या कापडाच्या थानावर कायम दुसऱ्याचाच शिक्का. तीस वर्सं विणलं, नाव व्यापाऱ्याचं." मग स्वतःच हसले. "पर माझ्या मागाचं कापाड हजारात वळखीन. डाव्या काठाला एक दोरा ढिला सुटतोच. दुरुस्त केला तरी सुटतो. त्यो शिक्का न्हाई पुसता येत कुणाला."

आईने मागून, "जेवलीस का विचारा आधी!"

फोन ठेवल्यावर तो ढिला दोरा डोक्यातून जाईना.

३ जानेवारी, गुरुवार

नववर्षाची कार्डं. सरांचं, लॅबमधल्या तिघांचं, मास्टरचं छापील, आणि एक कझुको-सानचं! हाताने लिहिलेलं. मागे पत्ता. "या वर्षीही लोभ असावा."

प्राजक्ताताई कार्ड उलटसुलट करून म्हणाली, "म्हणजे घरी सगळे सुखरूप आहेत त्यांच्या. घरात कोणी गेलं असेल ना, तर त्या वर्षी इथे कार्ड पाठवत नाहीत."

"पण ताई, नवरा…"

"गेला म्हणून गेल्या वर्षीही नोंद केली नसेल. कागदावर नाही गेला तर नाही गेला." तिने कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग ती म्हणाली, "तिळगुळाला येतेयस ना? साखर मी आणते, तीळ तू बघ."

१३ जानेवारी, रविवार

भू. नाही.

केबल आणायला मास्टरनी कोठीत पाठवलं. ती शेल्फच्या मागे पडली होती. ओढताना माझ्या हाताला माझाच स्क्रू लागला, त्याचं डोकं मी तेव्हा जरा बिघडवलं होतं.

उभीच राहिले.

चौदा ऑक्टोबर. मी ठोकलं. रबर घातलं. रिना-सान गायली ४ नोव्हेंबरला. शेल्फला खांदा लावून ढकललं. हूं की चूं नाही. ते शेल्फ तीव्रता दोनला वाजूच शकत नाही, चारलासुद्धा नाही. मीच त्याची सोय केली होती.

मास्टर दारात. "सापडली का?"

"सापडली," म्हटलं.

१४ जानेवारी, सोमवार

सुट्टी. लॅबमध्ये कोणी नाही. जे आम्ही जमिनीच्या थरथरीचं करतो ते गाण्याचं केलं. माझ्याकडे माझ्या कोरसची जुनी प्रत आहे, तिच्याशी लांबी जुळवली. सीडीवरचं गाणं मुळापेक्षा जलद केलेलं आहे, सगळंच्या सगळं. मूळ वेगाला आणलं.

माझा आवाज माझा झाला. आणि वरचा आवाज उतरत उतरत जाड झाला, त्यात लोणचं आलं, एप्रन आला.

कझुको-सान.

खिडकीबाहेर सायकलवाल्यांची रांग. मी रडले नाही. राग आला. आता पुढे मास्टरला 'म्हणाला' लिहिणार आहे. एवढं तरी.

२० जानेवारी, रविवार

सरावानंतर पेले विसळत होते. मास्टर शेजारी येऊन पुसायला लागला.

"स्वाती-सान, तुम्ही रोज डायरी लिहिता ना?"

"हो. भूकंपाच्या नोंदी."

"फक्त भूकंप?"

"मुख्यतः."

"छान सवय." एक पेला त्याने दोनदा पुसला. "जुन्या वह्यापण ठेवता?"

घरी येऊन वही उशीच्या अभ्र्यात घातली. मग हसू आलं. मग ती बॅगेत घातली. आता बरोबरच ठेवणार. याला कोणी सांगितलं? मी कोठीत लिहिताना ऑर्गनवाल्यांनी पाहिलं असेल. की मी शेल्फ ढकलताना यानेच पाहिलं?

सगळे माझ्याशी जास्त नम्रपणे बोलताहेत. इथे माणसं नम्र झाली की समजावं.

२७ जानेवारी, रविवार

रिना-सानला स्टेशनपर्यंत सोडायला गेले, मुद्दाम. सायकल हातात धरून. कसं विचारायचं याचा तीन दिवस सराव केला होता. प्रत्यक्षात एकदम तोंडातून आलं, "सीडीवर तू नाहीस ना?"

तिने सायकलच्या घंटीकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना!

"मी गायले होते, स्वाती-सान. अकरा वेळा. मास्टर दरवेळी छान म्हणाले. मग सीडी आली, घरी आईसमोर लावली. आई म्हणाली, किती सुधारलीस गं. मी काय बोलणार? आता रोज अंघोळीच्या टबात बसून त्यांच्यासारखं गायचा प्रयत्न करते. ते शेवटचं मला जमत नाही. तेवढा श्वास नाही माझ्याकडे."

मी तिला खोटारडी समजत होते. स्टेशनचं तिकिटाचं फाटक वाजलं, ती आत गेली. पलीकडून वाकली, चार वेळा.

१० फेब्रुवारी, रविवार

कार्डावरच्या पत्त्यावर गेले. सरकारी वसाहत, तिसरा मजला. न कळवता जाणं इथे वाईट दिसतं, पण कळवलं असतं तर त्या "थंडी वाढते आहे" म्हणाल्या असत्या.

दार उघडून कझुको-सान एक क्षण गप्प. मग आत तोंड करून मोठ्याने, "आई, शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आल्यात!"

मी इंग्रजीची बाई झाले. दोनदा 'गुड आफ्टरनून' म्हटलं.

सासूबाई ऐंशीच्या, ताठ. ठेंगण्या टेबलाशी जमिनीवर बसून मुळा चिरत होत्या, एकेक चकती सारखी. टेबलाच्या कडेला एक ताट, त्यावर जाळी. कोणाचं ते विचारलं नाही. रेडिओ चालू होता. म्हातारी म्हणाली, "बरं झालं, आता रविवारी घरी असते. आधी रविवारीसुद्धा शाळेत जादा पाळी असायची. फार राबवायचे हिला."

कझुको-सान चहा ओतत राहिल्या.

बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. मी सगळं सांगितलं, शेल्फ, रबर, ४.४२. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तू कधी ठोकलंस ते शेल्फ? मला आवडायचा तो आवाज."

"तुम्हाला विचारलं होतं का, ते सांगा."

"आधी गाणं सुपरमार्केटच्या गाण्यांच्या स्पर्धेला पाठवायचं ठरलं. त्यांना तरुण चेहरा हवा होता. मी म्हटलं, मला जमणार नाही, दुसरी बघा. सासूबाईंना माहीतच नाही मी गाते ते. मुलगा यायचाय आणि सून माइकसमोर उभी, असं कसं सांगू?"

"पण तुमचा आवाज?"

"मास्टर डिसेंबरात आले. म्हणाले, असं असं झालंय, सीडी निघाली आहे. मी म्हटलं, असं होय."

"म्हणजे हो म्हणालात?"

"असं होय, म्हटलं."

"नको म्हणाला होतात का?"

बस आली. "मास्टर वाईट माणूस नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांनी रेकॉर्ड पुसून टाकलं असतं, तर मलाच वाईट वाटलं असतं."

बसमध्ये बसून वाटलं, ही खरंच असा विचार करते, की माझ्यासारखीच्या समाधानासाठी घडी घालून दिलेलं उत्तर आहे? या देशात मला अजून कळत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

१० मार्चला नगरगृहात कार्यक्रम. भूकंपाला दोन वर्षं. एफएम रेकॉर्ड करणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावणार. मास्टरने कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद वाटला.

'झाकलेलं ताट. शब्द आणि आवाज: रिना.'

शब्दसुद्धा! 'गोजी' होतं तिथेही आता तिचं नाव. रिना-सानचा चेहरा कागदासारखा. ती म्हणाली, "शब्द मी नाही…"

"छापखान्याची चूक. बघू," मास्टर म्हणाला. बघणार नाही.

थांबले. बाकीचे गेल्यावर सरळ म्हटलं, "ते कप आहेत. सात ऑक्टोबरचे."

त्याने खुर्ची ओढली. नाकारेल म्हणून मी वहीवर हात ठेवून तयार. पण तो म्हणाला, "अकरा टेक होते रिनाचे. बाराव्यांदा चुकून जुनं लागलं. स्वाती-सान, मी तीस वर्षं बास वाजवतोय. असं गाणं माझ्या कोठीत एकदाच झालं. ते टाकून द्यायचं?"

"नाव घालायचं."

"त्यांनाच नको आहे."

"तुम्ही विचारलंत कधी? आधी की नंतर?"

"मंचावर मुलाखत आहे," तो म्हणाला. "परदेशी सदस्य म्हणून तुम्हालाच विचारणार आहेत, रेकॉर्डिंगच्या आठवणी. तुम्हाला योग्य वाटेल ते बोला."

याला काय म्हणावं? विश्वास, की मला अडकवणं? मी बोलले तर कझुको-सानचं घर उघडं पडतं. नाही बोलले तर खोट्यात मीपण सामील, तेही आपल्या तोंडाने.

२४ फेब्रुवारी, रविवार

प्राजक्ताताईला सगळं सांगितलं. ती कचरा वेगळा करत होती, बाटल्यांची बुचं एका पिशवीत. "हे बघ, तुझा व्हिसा विद्यार्थ्याचा आहे, न्यायाधीशाचा नाही."

"म्हणजे गप्प बसू?"

"तसं नाही म्हटलं. पण ज्या बाईचा आवाज आहे तिला काय हवंय ते तिलाही नीट माहीत नाही. तुला मात्र पक्कं माहीत! पहिली ग्रॅज्युएट ना घरातली. तुम्हा लोकांना सगळं खरंच हवं असतं." मग लेबल सोलता सोलता, "माझं नावसुद्धा ह्यांच्या तीन पेपरांत नाही, टायपिंग आणि आलेख सगळे माझे होते. मी कधी नको म्हटलं नाही. हो पण नव्हतं म्हटलं."

घरी येताना कितीतरी वेळ ते शेवटचंच.

३ मार्च, रविवार

कझुको-सानला कार्यक्रमाचं तिकीट पोस्टाने टाकलं. दोन. का टाकली ते माहीत नाही.

भू. स. ११.२०, एक. कोठीत कप हलले नाहीत.

१० मार्च, रविवार

जमेल तसं लिहिते.

नगरगृह भरलेलं. तिसऱ्या रांगेत कझुको-सान. आणि शेजारी सासूबाई, काळ्या कोटात, ताठ! विंगेतून दोनदा पाहून खात्री केली. मास्टरने पाहिलं. त्याच्या हातातला बास एकदा आपोआप वाजला.

पत्रिका छापून आली होती. शब्द आणि आवाज: रिना. छापखान्याची चूक तशीच.

रिना-सान गायली. 'चालेल'ला आली, ओढलं, आणि श्वास संपायच्या आत स्वतःच थांबली. खोटं लांबवलं नाही. उरलेल्या सुराच्या जागी शांतता आली. लोकांना वाटलं, तसंच आहे.

मग निवेदक माइक घेऊन माझ्याकडे. "रेकॉर्डिंगच्या दिवशीची काही आठवण?"

तिसऱ्या रांगेत पाहिलं. कझुको-सानने मान खाली घातलेली.

म्हटलं, "त्या दिवशी ४.४२ला भूकंप झाला. तुम्ही ज्याला घुंगरू म्हणता ते शेल्फवरचे कप आहेत. गाणारी थांबली नाही. कप शांत होईपर्यंत तिने सूर सोडला नाही. मी एक आठवड्याने ते शेल्फ भिंतीला ठोकलं. त्यानंतर ते कधीच वाजलेलं नाही."

नाव घेतलं नाही. एवढंच जमलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, निवेदकाने रिना-सानकडे हात केला. तिने मान हलवली. नाही, अशी. कोणाला दिसली, कोणाला नाही.

मास्टर नंतर म्हणाले, "एफएमवाले वेळेप्रमाणे काटछाट करतात." (म्हणाले लिहिलं गेलं. राहू दे.) एवढंच म्हणून पत्रिकांचे उरलेले गठ्ठे एकेक करून खोक्यात भरत राहिले. मी मदत केली नाही.

बाहेर सायकल काढत होते. सासूबाई एकट्याच आल्या. कझुको-सान स्वच्छतागृहाच्या रांगेत. म्हातारीने पिशवीतून कापडात बांधलेला डबा काढून माझ्या हातात दिला. मुळ्याचं लोणचं, वासावरून कळलं.

"इंग्रजीच्या बाई," म्हणाल्या, "दर रविवारी ती हे डबाभर घेऊन जायची. शाळेला, म्हणून."

"हो."

"शाळा रविवारी बंद असते."

त्या कोटाचं बटण लावत होत्या.

"तिला सांगू नका. मला माहीत आहे असं कळलं तर ती गायची बंद होईल. तशी आता झालीच आहे." मग माझ्याकडे न बघता, "चार बेचाळीस का. मी तेव्हा भात धूत होते. पातेलं हललं."

कझुको-सान आल्या. "काय बोलत होतात दोघी?"

"इंग्रजी," सासूबाई म्हणाल्या.

११ मार्च, सोमवार

दु. २.४६ ला, त्या मोठ्या भूकंपाच्या वेळेला, भोंगा. लॅबमध्ये सगळे उभे राहिलो. सरांच्या टेबलावरच्या पेन्सिली बघत होते. नंतर कोणीच लगेच बसलं नाही.

आता सहा पन्नास. सातला प्रक्षेपण. माझा भाग ठेवतात की कापतात, माहीत नाही. ठेवला तर कझुको-सान काय म्हणतील? कापला तर मी पुन्हा कुठे बोलायचं? आणि म्हातारीला वचन दिलंय का मी? मान हलवली होती. हो म्हणाले नव्हते. मला इथलंच वळण लागलं की.

कझुको-सानचा नंबर समोर उघडून ठेवलाय. मास्टरांचा मेसेज येऊन पडलाय दुपारपासून, "पुढच्या छपाईत काय लिहायचं ते तुम्हीच सांगा." खरंच विचारताहेत, की भार माझ्यावर? उत्तर दिलेलं नाही.

डबा उघडला. चकत्या सारख्या, एकही जाड-बारीक नाही. दोन खाल्ल्या, बाकी झाकून ठेवलं.

भू. आज अजून नाही. रेडिओ लावलाय, आधी बातम्या आहेत. वही उघडीच ठेवते.